चमचा, मेणबत्ती आणि बाबांची वही

सबमिशनचा आठवडा आला की आपल्या हॉस्टेलवर रात्री दोनच्या आधी कोणाचाही लाईट बंद होत नाही, हे मी नव्याने सांगायला नको. एकजण रीडिंग वाचतो, चौघं लिहून घेतात, पाचवा ग्राफ काढतो. ग्राफ आधी आणि रीडिंग नंतर हा तर आपल्या कॉलेजचा खास शोध! मीही त्यातलाच. हीट ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला स्वतः हजर असूनही माझ्या जर्नलमधली अर्धी रीडिंग गेल्या वर्षीच्या सीनिअरची होती. आकडे लिहायचे, सही घ्यायची, विषय संपला. त्याने कोणाचं काय बिघडतं, असंच वाटायचं.

सेकंड इयरला दिवाळीनंतर बाबांच्या पायांवर सूज आली आणि ते तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात ॲडमिट झाले. बाबा एसटीत कंडक्टर. बारा वर्षांपासून शुगर आहे. तीन दिवसांनी घरी सोडलं तेव्हा डिस्चार्ज कार्डावर निदान म्हणून दोनच शब्द होते : किडनी फेल्युअर. क्रिएटिनिन किती होतं ते नाही, लघवीचा रिपोर्ट नाही, दुखणं अचानक आलं की जुनं आहे तेही नाही.

ते कार्ड घेऊन आम्ही पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की याआधीचं क्रिएटिनिन किती होतं? आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी कार्डाकडे. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. किडनी अचानक बिघडली असेल तर ती पुष्कळदा सुधारते, पण हळूहळू बिघडत आली असेल तर गेलेला भाग परत येत नाही, उरलेला सांभाळावा लागतो. दोन्हींचे उपाय वेगळे आणि कार्डावरच्या त्या दोन शब्दांत दोन्ही मावतात. पुन्हा सगळ्या तपासण्या, पुन्हा हेलपाटे. विम्याची फाईलसुद्धा माहिती अपुरी म्हणून परत आली.

माझी आतेबहीण पुण्यात मेडिकल कोडिंगचं काम करते. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या फायली वाचायच्या आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक निदानाला आंतरराष्ट्रीय यादीतला नंबर द्यायचा, हे तिचं काम. ताईने बाबांचं कार्ड पाहिलं आणि म्हणाली की एवढ्यावर एकच कोड बसतो, एन१९. म्हणजे किडनी निकामी, प्रकार सांगितलेला नाही. अचानकचं दुखणं असेल तर एन१७, जुनं असेल तर एन१८ आणि पुढे त्याची पायरी. मी म्हटलं, रिपोर्टचे आकडे बघून तूच का नाही ठरवत? त्यावर ती हसली. कोडरने आकड्यांवरून निदान करायचं नसतं. डॉक्टरने लिहिलं तेवढंच धरायचं आणि लिहिलेलं अपुरं वाटलं तर डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवायचा, असा नियमच आहे. अंदाज बांधून एखाद्याच्या नावावर आजार चढवला तर तो त्याला जन्मभर चिकटतो.

त्याच संध्याकाळी तिच्याकडून मी पहिल्यांदा डॉ. रिचर्ड ब्राईट हे नाव ऐकलं. किडनीच्या दुखण्याची नीट नोंद कशी करायची हे ज्यांनी जगाला दाखवलं तो माणूस वाच, असं तिने सांगितलं. सुट्टीत दुसरं काही सुचत नव्हतंच, म्हणून वाचत गेलो. मित्रांनो, मला हा माणूस फार आवडला. म्हणून हा लेख.

रिचर्ड ब्राईटचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदरातला. वडील श्रीमंत व्यापारी आणि बँकर. पैशाची ददात नव्हती, त्यामुळे पोराने काय शिकावं याची घाईही नव्हती. १८०८ मध्ये तो एडिंबरोला गेला आणि आधी तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, गणित असे विषय घेतले. वर्षभरात ते सोडून मेडिकलला आला. म्हणजे ब्रँच बदलणारी मंडळी तेव्हाही होती!

मेडिकल सुरू होतं न होतं तोच १८१० मध्ये तो सर जॉर्ज मॅकेंझी यांच्या मोहिमेबरोबर आइसलँडला गेला. तिथे हेक्ला या ज्वालामुखीवर चढला आणि झाडं, प्राणी, पक्षी यांची टिपणं केली. मॅकेंझींनी त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं, त्यात वनस्पती आणि प्राण्यांची माहिती या वीस-एकवीस वर्षांच्या पोराची आहे. परत आल्यावर लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये शिक्षण, मग पुन्हा एडिंबरो, आणि १८१३ मध्ये एम.डी.

पण पाय अजून घरात ठरत नव्हता. १८१४ मध्ये तो युरोपात निघाला. नेपोलियनचा पाडाव झाला होता आणि व्हिएन्नात सगळ्या राजांची परिषद भरली होती. आपला हा डॉक्टर तिथून हंगेरीच्या खेड्यापाड्यांत शिरला. शेती कशी करतात, तिथले रोमा लोक कोणते शब्द वापरतात, सगळं लिहून घेतलं. चित्रंही स्वतःच काढली. परत येताना वॉटर्लूच्या लढाईतल्या जखमींनी भरलेली ब्रसेल्सची रुग्णालयं पाहिली. या प्रवासाचं जाडजूड पुस्तक १८१८ मध्ये निघालं.

डॉक्टर माणसाने ही भटकंती कशाला करावी, असं मला आधी वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, की त्याची खरी तालीम तिथेच झाली. अनोळखी मुलखात गेलं की आपल्याला आधीच काही माहीत नसतं. त्यामुळे जे दिसतं तेच लिहावं लागतं. दिसायला हवं होतं ते लिहिता येत नाही. हीच सवय घेऊन डॉ. ब्राईट १८२० मध्ये गाईज हॉस्पिटलमध्ये असिस्टंट फिजिशियन झाले आणि १८२४ मध्ये पूर्ण फिजिशियन.

घरचे दिवस मात्र सोपे नव्हते. १८२२ मध्ये त्यांचं लग्न गाईजमधलेच ज्येष्ठ डॉक्टर विल्यम बॅबिंग्टन यांची मुलगी मार्था हिच्याशी झालं. पुढच्याच वर्षी बाळंतपणानंतर ती गेली. मागे तान्हा मुलगा. १८२६ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. या मधल्या वर्षांतच त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम उभं राहत होतं.

त्या काळी ड्रॉप्सी नावाचा एक आजार सर्रास लिहिला जायचा. पाय सुजणं, पोटात पाणी होणं, चेहरा फुगणं, सगळं त्यातच. सूज हेच निदान. आपल्याकडे ताप आला तर तापाची गोळी घेतात आणि ताप कशाचा हे कोणी विचारत नाही, तसंच. डॉ. ब्राईट यांनी काय केलं? वॉर्डातल्या सुजलेल्या पेशंटची लघवी चमच्यात घेतली आणि मेणबत्तीवर धरली. काही चमच्यांत काहीच झालं नाही. काही चमच्यांत मात्र अंड्याचा पांढरा भाग गरम तव्यावर घट्ट व्हावा तशी लघवी गढूळ होऊन साकळली. ते अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन. ते रक्तातच राहायला हवं, लघवीत येता कामा नये.

इथपर्यंत ते एकटे नव्हते. त्यांच्याआधी वेल्स, ब्लॅकॉल अशा डॉक्टरांनीही सुजलेल्या माणसांच्या लघवीत हा प्रकार पाहिला होता. पण डॉ. ब्राईट पुढच्या टोकापर्यंत गेले. त्यातला पेशंट दगावला की ते शवविच्छेदन करून किडनी उघडून बघत. ती आकसलेली, खडबडीत, कडक झालेली आढळे. पेशंट जिवंत असतानाची सूज, चमच्यातलं अल्ब्युमिन आणि मेल्यानंतरची किडनी, या तीन नोंदी एकाच माणसाच्या नावाखाली एका पानावर आल्या. तोवर त्या तीन वेगवेगळ्या वह्यांत पडून होत्या म्हणा ना!

१८२७ मध्ये त्यांनी या सगळ्या केसेस ग्रंथरूपाने छापल्या. सुरुवातीलाच किडनीच्या सुमारे दोन डझन केसेस आहेत. प्रत्येकीची लिहिण्याची रीत तीच. वय काय, धंदा काय, दुखणं कधी सुरू झालं, लघवी कशी, नाडी कशी, कोणत्या दिवशी कोणतं औषध दिलं, त्याने काय झालं, आणि शेवटी आत काय सापडलं. सोबत रंगीत चित्रं, फोटो निघण्याच्या आधीच्या काळातली. किडनीचा रंग आणि पोत जसा दिसला तसा कागदावर उतरवलेला.

मला सगळ्यात विशेष वाटलं ते वेगळंच. त्यांच्याकडे औषध नव्हतं. रक्त काढणं, जुलाब देणं, विश्रांती, पथ्य, एवढीच त्या काळची हत्यारं. रक्त काढल्याने भलं होण्याऐवजी नुकसानच होत असणार, हे आज आपण म्हणू शकतो. त्यांच्या बहुतेक गंभीर केसेसचा शेवट शवविच्छेदनाच्या टेबलावर झाला. एखाद्याने अशा केसेस गाळल्या असत्या, दोन-चार बरे झालेले पेशंट पुढे केले असते आणि नाव कमावलं असतं. यांनी हरलेले डाव तारखेसकट छापले. त्यामुळे आज कोणीही ते पान उघडून त्यांची चूकसुद्धा दाखवू शकतो. नोंद खरी असली की ती लिहिणाऱ्याच्या विरुद्धही साक्ष देते.

एकट्याने होणारं हे काम नव्हतं. त्यांचे मित्र जॉन बॉस्टॉक यांनी रसायनाची बाजू सांभाळली. लघवीत प्रथिन वाढतं तेव्हा रक्तातलं कमी होतं आणि लघवीवाटे जायला हवं ते युरिया रक्तात साठतं, हे त्यातून दिसलं. त्याच हॉस्पिटलमध्ये थॉमस ॲडिसन आणि थॉमस हॉजकिन होते. या दोघांच्याही नावाचे आजार आजच्या पुस्तकांत आहेत. एकाच कँटीनमध्ये अशी तीन माणसं बसत असतील, तर तिथली चर्चा काय असेल!

१८३६ मध्ये डॉ. ब्राईट यांनी अल्ब्युमिनवाल्या शंभर पेशंटचा तक्ता छापला. शवविच्छेदनात कोणत्या अवयवात काय दिसलं याचे रकाने. म्हणजे आपल्या भाषेत ऑब्झर्वेशन टेबल! तो तक्ता उभा वाचताना आणखी एक गोष्ट नजरेत भरते. किडनी बिघडलेल्या बऱ्याच पेशंटचं हृदय वाढलेलं होतं. रक्तदाब मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं. तरीही बिघडलेल्या रक्तामुळे बारीक वाहिन्यांतून ते ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागत असेल, असा तर्क त्यांनी केला. एकेक केस सुटी वाचली असती तर हे कधीच दिसलं नसतं. पुढे १८४२ मध्ये गाईजमध्ये ४२ खाटांचे दोन वॉर्ड काही महिने फक्त किडनीच्या पेशंटसाठी राखून ठेवले गेले आणि शेजारीच प्रयोगशाळा मांडली. सगळे एका जागी, एकाच पद्धतीने तपासायचे आणि लिहायचे.

त्यांच्या हयातीतच या आजाराला ब्राईट्स डिसीज हे नाव पडलं. १८३७ मध्ये ते राणी व्हिक्टोरियाचे मानद फिजिशियन झाले. १६ डिसेंबर १८५८ ला लंडनमध्ये हृदयाच्या झडपेच्या विकाराने ते गेले आणि केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात त्याच दफनभूमीत आणखी एक माणूस आला. आपल्या सगळ्यांना, निदान सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांना, माहीत असलेला इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल! ग्रेट वेस्टर्न रेल्वे आणि ग्रेट ईस्टर्न हे अवाढव्य जहाज बांधणारा, ब्राईट यांच्या ब्रिस्टलमधल्या झुलत्या पुलाचा आराखडा करणारा. शेवटच्या काळात तो किडनीच्या विकाराने आजारी होता, आणि त्या विकाराचं तेव्हाचं नाव ब्राईट्स डिसीज.

पण या नावाचं पुढे जे झालं त्याला नशिबाची थट्टाच म्हणायला हवी. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या माणसाचं नाव हळूहळू एक मोठं पोतं झालं. किडनीचं काहीही असलं की टाका त्यात. १८८६ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष चेस्टर आर्थर गेले, कारण ब्राईट्स डिसीज. त्याच वर्षी कवयित्री एमिली डिकिन्सन गेल्या, दाखल्यावर ब्राईट्स डिसीज. डिकिन्सन यांचं खरं दुखणं तीव्र रक्तदाबाचं असावं, असं आज काही अभ्यासक म्हणतात. पण दाखल्यात त्याहून जास्त काही नाही, मग शोधणार कुठे?

अशा पोत्यांची चीड विल्यम फार नावाच्या दुसऱ्या इंग्रजाला ब्राईट यांच्या काळातच आली होती. इंग्लंडमध्ये १८३७ पासून मृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली आणि हे काम फार यांच्याकडे आलं. एकाच आजाराला तीन-तीन, चार-चार नावं आणि एकाच नावात अनेक आजार, मग बेरीज कशाची करायची? त्यांनी सगळ्यांसाठी एकच यादी असावी असा आग्रह धरला. त्यातूनच पुढे १८९३ मध्ये फ्रान्सच्या जॅक बर्तियाँ यांची यादी आली. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतली. ताई जी यादी वापरते ती तिची दहावी आवृत्ती. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण बऱ्याच ठिकाणी अजून दहावीच चालते.

आता ब्राईट्स डिसीज असं निदान कोणी लिहीत नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेला बिघाड असेल तर क्रॉनिक किडनी डिसीज, आणि त्याच्या पाच पायऱ्या. किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्या आकड्यावरून त्या ठरतात. हा आकडा ३० ते ५९ असेल तर तिसरी, १५ ते २९ चौथी, १५ च्या खाली पाचवी. शिवाय लघवीतलं अल्ब्युमिन किती, तेही लिहायचं. म्हणजे तो चमचा आणि मेणबत्ती गेली, पण प्रश्न तोच राहिला.

बाबांच्या बाबतीत उत्तर शेवटी आईच्या डब्यात सापडलं. रेशनकार्ड, लाईटबिलं असं सगळं ती एका पत्र्याच्या डब्यात ठेवते. त्यात तीन वर्षांपूर्वीच्या मधुमेह शिबिराचा एक चुरगळलेला कागद निघाला. क्रिएटिनिन १.९, लघवीत अल्ब्युमिन दोन अधिक. बस्स, एवढंच! आकडे होते, पण त्यांच्यापुढे कोणी आजाराचं नाव लिहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, शिबिर झालं, गोळ्या मिळाल्या, संपलं. त्यानंतर तीन वर्षं बाबा गुडघ्यांसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात राहिले. किडनी दुखावलेल्या माणसाने त्या टाळायच्या असतात, हे आम्हाला कोण सांगणार?

पुण्याच्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि दोन मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. आताचं क्रिएटिनिन ३.४. दुखणं जुनं, मधुमेहातून आलेलं, आणि आता चौथ्या पायरीवर. त्यांनी हे सगळं तारखांसकट स्वच्छ अक्षरात फाईलवर लिहिलं. एन१९ ऐवजी एन१८.४. त्यानंतर विम्याची फाईलही पुढे सरकली. गोळ्या बदलल्या, वेदनाशामकं बंद, मीठ कमी, दर दोन महिन्यांनी तपासणी. डॉक्टर स्टेज स्टेज म्हणत होते, तर बाबांनी विचारलं की एकूण टप्पे किती? पाच, म्हटल्यावर म्हणाले, म्हणजे आपण चौथ्यात आहोत, आता गाडी जरा सावकाश घ्यायला हवी. कंडक्टर माणूस. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, प्रत्येक टप्प्याला वेबिल जुळलंच पाहिजे, यात त्यांची नोकरी गेली. तीन वर्षांपूर्वीच्या टप्प्याला कोणीतरी नीट नोंद केली असती तर, हा विचार माझ्या मनात येतो. बाबा तो बोलून दाखवत नाहीत.

मी माझ्यापुरतं एक केलं. गेल्या सेमिस्टरला धातूच्या दांड्यातून उष्णता वाहण्याचं प्रॅक्टिकल पुन्हा आलं. गरम टोकापासून लांब जावं तसं तापमान उतरत जायला हवं. माझ्या रीडिंगमध्ये चौथा थर्मोकपल तिसऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवत होता. सीनिअरच्या जर्नलमधली रेघ सुंदर सरळ होती. हात शिवशिवला, खरं सांगतो! पण तो ठिपका मी जसा आला तसा ठेवला. सरांनी ग्राफ पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि लॅब असिस्टंटना बोलावून सेटअप उघडायला लावला. चौथा थर्मोकपल जागेवरून सुटलेला निघाला. किती बॅचेस तो तसाच सुटलेला होता कोण जाणे, कारण प्रत्येक जर्नलमध्ये रेघ सरळच होती. मार्क काही वाढले नाहीत, पण सेटअप दुरुस्त झाला.

बाबांना अजून डायलिसिस लागलेलं नाही. पुढचं कोणी सांगू शकत नाही. पण त्यांनी दोनशे पानी वही घातली आहे. रोज रात्री वजन, रक्तदाब, शुगर, पायांवर सूज आहे की नाही, सगळं वेबिलाच्या थाटात रकाने पाडून लिहितात आणि खाली सही करतात. मागच्या सुट्टीत मी ती वही चाळत होतो. एका गुरुवारी रक्तदाब चढलेला होता आणि शेजारच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात कारण लिहिलं होतं : कैरीचं लोणचं, दोन फोडी. आईला हे अजून माहीत नाही. डॉक्टरांना मात्र त्यांनी ते पान स्वतःहून दाखवलं.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)